क्रिकेटच्या घरातून फुटबॉलच्या वर्ल्डकपकडे: नवख्या पुणेकरांसाठी

१८ डिसेंबर २०२२, रविवार. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर लावला होता. साठेक खुर्च्या भरल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या मंडळींनी फुटबॉलची अख्खी मॅच त्याआधी कधी पाहिलेली नव्हती. अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, हाफटाइमला २-०. माझ्या शेजारी चौथ्या मजल्यावरच्या आजी बसल्या होत्या. त्यांनी आयुष्यभर रेडिओवर क्रिकेट ऐकलेलं. त्यांनी विचारलं, "आता फ्रान्सला जिंकायला किती हवेत?" मी म्हटलं, "तीन." "आणि बॉल किती शिल्लक?"

पंचाहत्तरावं मिनिट उलटल्यावर तीन-चार कुटुंबं "आता काय उरलंय" म्हणत जेवायला वर गेली. ८०व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बाप्पेने पेनल्टीवर, म्हणजे समोर फक्त गोलकीपर ठेवून मारायच्या किकवर, गोल केला, ८१व्याला दुसरा. आरडाओरडा ऐकून मंडळी पुन्हा लिफ्टमधून खाली आली तेव्हा २-२ झालेले. पुढे जादा वेळ, ३-३, मग पेनल्टी शूटआउट, आणि अर्जेंटिनाने ४-२ ने कप नेला. आजी उठता उठता म्हणाल्या, "हे बरंय. यात कोणाला डिक्लेअर करता येत नाही."

त्या रात्रीपासून सोसायटीतले लोक मला अधूनमधून विचारतात, की हे नीट बघायचं तर सुरुवात कुठून करायची. मी मूळचा फुटबॉलवेड्या कोल्हापूरचा, म्हणून मला विचारतात. तेच इथे लिहून काढतो. जाणकारांनी हे वाचून हसू नये, आणि हसलात तर निदान ऑफसाइडचा परिच्छेद तपासून द्यावा.

एक गोष्ट आधीच सांगतो. बहुतेक लोक एकतर नियमावलीपासून सुरुवात करतात, नाहीतर १९३० पासूनच्या विजेत्यांची यादी पाठ करतात. दोन्ही प्रकार चार दिवसांत गळतात. नव्या सोसायटीत राहायला गेल्यावर आपण आधी उपविधी वाचत नाही. कोणाचं कोणाशी पार्किंगवरून वाजलेलं आहे, हे कळलं की मीटिंगमधली निम्मी भाषणं समजायला लागतात. फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धा तशाच बघायच्या असतात.

पायरी १: स्पर्धा कोणती चालू आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. टीव्हीवर मेस्सी दिसला म्हणजे वर्ल्डकप असेलच असं नाही. क्लबचं फुटबॉल म्हणजे आपलं आयपीएल. खेळाडू विकत घेतले जातात, मालक असतो, दरवर्षी हंगाम असतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पासपोर्ट चालतो, तिथे कोणालाही लिलावात उचलता येत नाही. म्हणून क्लबमध्ये खांद्याला खांदा लावून खेळणारे दोघे जून महिन्यात एकमेकांच्या पायात पाय घालताना दिसतात.

वर्ल्डकप दर चार वर्षांनी होतो. तो भरवणाऱ्या फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेची स्थापना १९०४ साली पॅरिसमध्ये झाली आणि पहिली स्पर्धा १९३० साली उरुग्वेत. १९४२ आणि १९४६ ची स्पर्धा महायुद्धाने खाल्ली. मधल्या काळात आपापल्या खंडाच्या स्पर्धा चालतात, आणि त्यांना दुय्यम समजू नका. दक्षिण अमेरिकेची कोपा अमेरिका १९१६ पासून आहे, म्हणजे वर्ल्डकपपेक्षा चौदा वर्षांनी मोठी. युरोपची युरो १९६० साली फक्त चार संघांवर सुरू झाली, आता त्यात चोवीस असतात. आशियाई कप १९५६ साली हाँगकाँगमध्ये सुरू झाला.

आफ्रिकेच्या कपची सुरुवात मला सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी वाटते. १९५७, सुदानमधलं खार्तूम. चार संघ येणार होते: इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीला मिश्र संघ पाठवायचा नव्हता. मग तो देश वगळला गेला आणि पहिली स्पर्धा तिघांतच उरकली. क्रिकेटने दक्षिण आफ्रिकेला बाहेर बसवलं ते १९७० साली, हे क्रिकेटवाल्या घरात सांगून बघा.

महिलांचा वर्ल्डकप १९९१ साली चीनमध्ये सुरू झाला. तेव्हा सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे ठेवले होते, का ते विचारू नका. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने तर १९२१ पासून जवळपास पन्नास वर्षं आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळू दिलेलं नव्हतं. १९९९ च्या महिलांच्या अंतिम सामन्याला अमेरिकेत नव्वद हजारांवर लोक आले, हे त्याला परस्पर मिळालेलं उत्तर.

ऑलिंपिकचं फुटबॉल मात्र वेगळं धरा. पुरुषांत ते आता तेवीस वर्षांखालच्यांचं असतं, वर तीन मोठे खेळाडू चालतात. तिथे सुवर्ण मिळालं म्हणजे जगज्जेते झाले असं कोणी मानत नाही.

आणि हो, क्रिकेटवाल्यांच्या समाधानासाठी: जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर झाला. निकाल ०-०.

पायरी २: नियम फक्त दोनच शिका

बाकीचे आपोआप कळतात. हाताने खेळायचं नाही, पाडायचं नाही, बॉल अख्खा रेषेच्या पार गेला की गोल. पिवळं कार्ड ताकीद, दोन पिवळी किंवा एक लाल म्हणजे बाहेर, आणि त्याच्या जागी दुसरा खेळाडू मिळत नाही. ही कार्डं वर्ल्डकपमध्ये १९७० साली आली. त्याआधी पंच तोंडाने सांगायचे, आणि समोरच्याला ती भाषा येत नसली की पंचाईत.

पहिला शिकायचा नियम वेळेचा. पंचेचाळीस अधिक पंचेचाळीस. घड्याळ थांबत नाही, वाया गेलेला वेळ शेवटी जोडला जातो. बाद फेरीत बरोबरी झाली तर पंधरा-पंधरा मिनिटांचा जादा वेळ, तरीही सुटेना तर पाच-पाच पेनल्ट्या. वर्ल्डकपमध्ये असा पहिला शूटआउट १९८२ च्या उपांत्य फेरीत पश्चिम जर्मनी आणि फ्रान्समध्ये झाला.

दुसरा ऑफसाइड. हा मी अमृततुल्यच्या टेबलावर शिकवतो आणि आजवर पाचेक जणांना त्यातून कळलेला आहे. टेबलाची पलीकडची कड म्हणजे गोलची रेषा. कडेला क्रीमरोलची बशी ठेवा, ती गोलकीपर. तिच्या अलीकडे एक रिकामा ग्लास, तो शेवटचा बचावपटू. आता तुमचा ग्लास, म्हणजे तुमचा आघाडीपटू, या रिकाम्या ग्लासाच्या पलीकडे, बशीच्या बाजूला सरकवून ठेवा. मागून मित्राने साखरेचा खडा त्याच्याकडे ढकलला. खडा सुटला त्या क्षणी तुमचा ग्लास पलीकडे होता, म्हणून ऑफसाइड. खडा सुटला तेव्हा ग्लास रेषेत किंवा अलीकडे होता आणि नंतर धावत पलीकडे गेला, तर बिनधास्त गोल करा. सगळी गंमत "त्या क्षणी" या दोन शब्दांत आहे. बॉल पोहोचला तेव्हा कोण कुठे होतं याला किंमत नाही. नवखा माणूस नेमका तेच बघतो आणि पंचाला शिव्या घालतो.

बॉलच्या मागे असाल, स्वतःच्या अर्ध्या मैदानात असाल, किंवा थ्रो-इन (बाजूने बाहेर गेलेला बॉल हाताने आत टाकणं), कॉर्नर (कोपऱ्यातून मारलेली किक) नाहीतर गोलकिक (गोलसमोरून मारलेली किक) यांवरून थेट बॉल मिळाला असेल, तर ऑफसाइड नाही. आता हे व्हीडिओवर बघून खांद्या-गुडघ्यावरून ठरवतात. २०१८ पासून वर्ल्डकपमध्ये व्हीएआर, म्हणजे व्हीडिओवर बघणारा सहायक पंच, आहे. गोल झाल्यावर दोन मिनिटं नाचून पुन्हा गप्प बसायची तयारी ठेवा.

पायरी ३: एक संघ धरा

भारत वर्ल्डकपमध्ये नसतो. मग आपण कोणाचे? पुण्यात ढोबळमानाने अर्जेंटिना, ब्राझील, पोर्तुगाल आणि जर्मनी अशी घराणी आहेत. माझे काका अर्जेंटिनाचे झाले ते १९८६ साली, शिवाजी पेठेत शेजारच्यांच्या टीव्हीवर रात्री दूरदर्शन बघून. पुढे ते घराण्यात उतरलं. कोल्हापुरात तालमींच्या संघांवरून वर्षभर पेठापेठांत जी ईर्षा चालते, ती वर्ल्डकपला अख्खी उचलून ब्राझील-अर्जेंटिनावर ठेवली जाते. चौकात फ्लेक्स लागतात, झेंडे लागतात. पुण्यात इतकं नसतं. इथे माणूस सोफ्यावर बसून "खरं म्हणजे मला स्पेनची शैली आवडते" म्हणतो.

माझा सल्ला: दोन संघ घ्या. एक मोठा, जो निदान उपांत्यपूर्व फेरीपर्यंत तुम्हाला सोबत देईल. दुसरा लहान, ज्याच्यासाठी जीव तुटेल. १९९० ला कॅमेरूनने पहिल्याच सामन्यात जगज्जेत्या अर्जेंटिनाला १-० ने पाडलं, तेव्हा त्यांचे दोन खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेले होते. २००२ ला सेनेगलने फ्रान्सचं तेच केलं. २०२२ ला मोरोक्को उपांत्य फेरीत पोहोचला, आफ्रिकेतला पहिलाच. असा एखादा लहान संघ आधीपासून धरलेला असला की ऑफिसात चार दिवस कॉलर ताठ राहते.

संघ धरला की जर्सी घ्यावीशी वाटणारच. कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला घासाघीस करून मिळते, पण घेण्याआधी छातीवरचे तारे मोजा. एक तारा म्हणजे एक वर्ल्डकप. ब्राझीलचे पाच, जर्मनी आणि इटलीचे चार-चार, अर्जेंटिनाचे २०२२ नंतर तीन. विक्रेत्याने अर्जेंटिनाची दोन ताऱ्यांची दाखवली तर तो जुना माल आहे, भाव पाडून मागा. उरुग्वेच्या जर्सीवर चार तारे दिसतील आणि तुम्ही म्हणाल, यांनी तर दोनदाच जिंकलाय. ते १९२४ आणि १९२८ ची ऑलिंपिक सुवर्णंही धरतात. वर्ल्डकप सुरू होण्याआधी तेच जगज्जेतेपद होतं, असं त्यांचं म्हणणं. मला पटतं.

भारताचं काय, हा प्रश्न घरातला कोणीतरी विचारणारच. "आपण अनवाणी खेळायचो म्हणून १९५० ला फिफाने नाकारलं" ही गोष्ट तुम्हाला ऐकवली जाईल. ती तितकी खरी नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे जेमतेम हरले, इथपर्यंत बरोबर. १९५० च्या ब्राझीलच्या वर्ल्डकपसाठी पात्रता गटातल्या इतर आशियाई संघांनी माघार घेतली आणि आपल्याला न खेळताच जागा मिळाली. पण आपल्या फुटबॉल संघटनेला तेव्हा ऑलिंपिक मोठं वाटत होतं. प्रवास लांबचा, तयारी अपुरी, आणि आपण गेलोच नाही. पुढची बारा वर्षं आपली सगळ्यात चांगली होती हे बघितलं की हळहळ वाटते: १९५१ आणि १९६२ च्या एशियाडमध्ये सुवर्ण, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. तिथे ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ ने हरवलं आणि त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई.

पायरी ४: गटाचं गणित

इथे क्रिकेटवाले आपल्यापेक्षा हुशार निघतात, कारण नेट रनरेटची सवय असते. जिंकलं तर तीन गुण, बरोबरीला एक. गुण सारखे झाले की स्पर्धेगणिक नियम बदलतो. २०२२ च्या वर्ल्डकपला आधी गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) बघत होते, युरोत आधी आपसातला निकाल बघतात. आणि सगळंच सारखं निघालं तर? २०१८ ला जपान आणि सेनेगलचे गुण, गोलफरक, केलेले गोल, सगळं सारखं होतं, आपसातला सामनाही २-२. शेवटी जपान पुढे गेला, कारण त्यांना पिवळी कार्डं कमी मिळाली होती. चार विरुद्ध सहा.

२०२६ पासून वर्ल्डकपला ४८ संघ झाले. चारचे बारा गट, प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे, शिवाय तिसऱ्यांपैकी सर्वोत्तम आठ, म्हणजे ३२ जणांची बाद फेरी. एकूण १०४ सामने. आधीच्या ६४ च्या मानाने हा डोंगर आहे. सगळे बघायचा हट्ट धरू नका, घरात भांडणं होतील.

गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी का लावतात, हे कळलं पाहिजे. १९८२, स्पेनमधलं हिहोन शहर. अल्जेरियाने पहिल्याच सामन्यात पश्चिम जर्मनीला २-१ ने हरवून सगळ्यांना गार केलं होतं आणि त्यांचे तीनही सामने खेळून झाले होते. दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया आमनेसामने. जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकली तर ते दोघेही पुढे आणि अल्जेरिया घरी, हे गणित दोघांनाही पाठ होतं. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला. त्यानंतरची ऐंशी मिनिटं दोन्ही संघ बॉल आपल्याआपल्यात टोलवत राहिले. कोणी कोणाच्या अंगावर जाईना. प्रेक्षकांतल्या अल्जेरियन लोकांनी कठड्यातून नोटा हलवून दाखवल्या. नियमाने काहीच चुकलेलं नव्हतं. पुढच्या वर्ल्डकपपासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू व्हायला लागले. म्हणून त्या दिवशी एक सामना टीव्हीवर आणि दुसरा फोनवर लावायचा. स्पर्धेतल्या सगळ्यात भारी रात्री त्याच.

पायरी ५: मागचे हिशेब

आता इतिहास. आपल्या संघाचा पुढचा सामना कोणाशी आहे ते बघायचं आणि त्या दोघांचं मागे काय झालंय तेवढंच शोधायचं. एका स्पर्धेत पाच-सहा गोष्टी कळतात, आणि त्या विसरायला होत नाहीत.

उरुग्वेचा सामना असेल तर १९३० ला जावं लागतं. पहिली स्पर्धा, तेरा संघ. युरोपातून फक्त चार देश आले, कारण बोटीने दोन-अडीच आठवडे लागायचे. फ्रान्स, बेल्जियम आणि रुमानिया एकाच बोटीवर होते, फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे कप घेऊन त्याच बोटीवर, आणि वाटेत रिओत ब्राझीलचा संघही चढला. खेळाडू डेकवर सराव करत आले. अंतिम सामना उरुग्वे-अर्जेंटिना. बॉल कोणाचा वापरायचा यावरून वाद झाला, तेव्हा पहिला हाफ अर्जेंटिनाच्या बॉलने आणि दुसरा उरुग्वेच्या बॉलने खेळला गेला. हाफटाइमला अर्जेंटिना २-१ ने पुढे, शेवटी उरुग्वे ४-२ ने विजयी. "आमची बॅट, आमचा बॉल" हा गल्लीतला कायदा किती जुना आहे बघा.

ब्राझीलची पिवळी जर्सी बघाल तेव्हा १९५० आठवा. रिओचं माराकाना स्टेडियम, अधिकृत आकडाच पावणेदोन लाखांच्या घरातला. त्या वर्षी रीतसर अंतिम सामना नव्हता, शेवटच्या चौघांची साखळी होती, आणि उरुग्वेविरुद्ध ब्राझीलला नुसती बरोबरी पुरत होती. दुसरा हाफ सुरू होताच ब्राझीलने गोल केला. म्हणजे आता कप घरात आल्यासारखाच. ६६व्या मिनिटाला उरुग्वेने बरोबरी केली आणि ७९व्या मिनिटाला जिज्जाने उजवीकडून येऊन दुसरा मारला. १-२. इतकं मोठं मैदान गप्प झालं. त्या दिवशी ब्राझीलचा संघ पांढऱ्या जर्सीत होता. तो रंगच अपशकुनी ठरवून पुढे एका वर्तमानपत्राने नव्या जर्सीसाठी स्पर्धा लावली, आणि आल्दिर श्ली नावाच्या तरुणाने पिवळ्या-हिरव्याचं आजचं रूप सुचवलं. तो उरुग्वेच्या सीमेजवळच्या गावचा होता, आणि मनाने उरुग्वेच्याच बाजूचा! फॅशन स्ट्रीटला टांगलेल्या पिवळ्या ढिगाचं मूळ हे आहे.

अर्जेंटिना-इंग्लंड म्हणजे २२ जून १९८६. चार वर्षांपूर्वीच दोन देशांत फॉकलंड बेटांवरून युद्ध झालेलं. मॅराडोनाने ५१व्या मिनिटाला हाताने गोल केला, पंचांना तो दिसला नाही, आणि चारच मिनिटांनी अर्ध्या मैदानातून एकेकाला चकवत असा गोल केला की पहिल्याची तक्रार करणारेही हळू आवाजात करायला लागले. काकांच्या मते पहिला गोलही कायदेशीर होता. त्यांच्याशी या विषयावर बोलायचं नसतं.

आता हा खेळ जगभर एवढा का पसरला? इंग्रज बंदरं आणि रेल्वे बांधायला जिथे जिथे गेले तिथे बॉल गेला, आणि त्याला बॉलखेरीज काही लागत नाही. इतकं सोपं उत्तर मला पुरेसं वाटत नाही, कारण इंग्रज पुण्यातही होते. माझ्या मते दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. एक म्हणजे टीव्ही. १९७० ला मेक्सिकोतून रंगीत चित्र गेलं आणि त्याच वर्षी काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा तो बॉल आला. पुष्कळ घरांत अजून ब्लॅक अँड व्हाइट संच होते, त्यावर बॉल उठून दिसावा म्हणून तसा केलेला. आजही शाळेतल्या मुलाला फुटबॉल काढायला सांगा, तो तोच काढतो. दुसरी गोष्ट म्हणजे नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना हा खेळ लवकर आपला वाटला. १९६६ ला आफ्रिकेला एकही थेट जागा नव्हती, तेव्हा आफ्रिकी देशांनी एकजुटीने बहिष्कार टाकला आणि १९७० पासून जागा मिळवली. आज फिफाचे सदस्य २११ आहेत, संयुक्त राष्ट्रांचे १९३.

पायरी ६: रात्रीची व्यवस्था

कुठली स्पर्धा कुठे आहे, त्यावर तुमची झोप ठरते. युरोपात असेल तर मोठे सामने आपल्याकडे रात्री साडेबाराला. अमेरिका खंडात असेल तर मध्यरात्र ते सकाळचा चहा. २००२ ला जपान-कोरियात होता तेव्हा सामने भर दुपारी असायचे आणि ऑफिसात कामं कमी व्हायची. २०३० ला स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, आणि शंभरी म्हणून सुरुवातीचे तीन सामने उरुग्वे, अर्जेंटिना, पॅराग्वेत. तेव्हा गजर लावायची सवय आतापासून करा.

एकत्र बघायचं असेल तर सोसायटीची परवानगी लेखी घ्या. रात्री दहानंतर बाहेर स्पीकर लावता येत नाही, आणि पुण्यात हे आठवण करून देणारे लोक प्रत्येक मजल्यावर असतात. आमच्या क्लबहाऊसच्या दारावर त्या रात्री कोणीतरी कागद चिकटवला होता: "गोल झाल्यास ओरडावे. परंतु एकदाच."

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. २०२२ च्या एका उपांत्य सामन्याला मी फोनवरचं स्ट्रीमिंग टीव्हीला जोडलं. समोरच्या बिल्डिंगमध्ये केबल होती. आमच्या पडद्यावर बॉल अजून मधल्या फळीत फिरतोय आणि समोरून "गोऽऽल" असा गजर. अर्धा-पाऊण मिनिट आधी. प्रत्येक गोलाचं असं झालं. थोड्या वेळाने घरातली माणसं टीव्हीऐवजी खिडकीकडे बघायला लागली. तेव्हापासून मोठ्या सामन्याला डिश किंवा केबल, आणि फोनची नोटिफिकेशन्स बंद.

पायरी ७: प्रत्यक्ष गवतावर जा

टीव्हीवर मैदानाचा एक तुकडा दिसतो. बॉलपासून लांब असलेले पंधरा-सोळा जण काय करतात, ते मैदानावरच कळतं. त्यासाठी कतारला जायची गरज नाही.

बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल आपण मुलांच्या पोहण्याच्या क्लासमुळे ओळखतो. महिलांच्या आशियाई कपचे सामने जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई, नवी मुंबई आणि इथे झाले. ३ फेब्रुवारीला चीन आणि जपानचा उपांत्य सामना बालेवाडीत रंगला. जपान आधीच्या दोन्ही स्पर्धा जिंकलेला. जादा वेळेच्या अगदी शेवटी चीनने २-२ केलं आणि पेनल्टीवर ४-३ ने सामना काढला. पुढे कपही त्यांनीच जिंकला. करोनाचे निर्बंध होते, त्यामुळे आपल्या हायवेच्या पलीकडे एवढं झालं आणि पुण्यात फारशी चर्चाही झाली नाही.

त्याच मैदानावर २०१४ ला एफसी पुणे सिटीकडून दाविद त्रेझेगे खेळला. त्याने २००० च्या युरोत फ्रान्सला जादा वेळेत गोल्डन गोल (जो झाला की सामना तिथेच संपायचा) मारून कप मिळवून दिला, आणि २००६ च्या वर्ल्डकप फायनलला त्याचीच पेनल्टी आडव्या दांड्यावर आपटली आणि कप इटलीला गेला. मी त्याला बालेवाडीत पाहिला तेव्हा वय झालेलं होतं, फारसा धावत नव्हता. पण बॉल गोलसमोरच्या चौकटीत यायच्या एक क्षण आधी तो बचावपटूच्या पाठीमागून दोन पावलं अशी सरकायचा की अमृततुल्यच्या टेबलावरचे माझे ग्लास फिके पडावेत.

ती टीम आता नाही. पण जिल्हा संघटनेचे लीग सामने चालू असतात, त्यातले बरेच शिवाजीनगरला एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर. संध्याकाळी चारच्या सुमारास जा, टोपी आणि पाण्याची बाटली न्या. गोलच्या मागे उभं राहू नका, तिथून काही कळत नाही. मधल्या रेषेपाशी उभं राहा, शक्यतो एखाद्या म्हाताऱ्या माजी खेळाडूच्या शेजारी. तो मोठ्याने बोलत असतो आणि त्याचं बोलणं हाच क्लास.

गेल्या हंगामात चौथ्या मजल्यावरच्या आजींना घेऊन गेलो होतो, त्यांचा नातू खेळत होता. आमच्या बाजूच्या लाइन्समनने झेंडा वर केला. आजींनी मला कोपराने ढोसलं.

"ऑफसाइड ना?"

थ्रो-इन होता.